जर्मनीत एका सेमिस्टरपुरती खोली: आधी पत्ता, मग छप्पर

म्युनिकमधली माझी पहिली खोली झकास होती. बारा चौरस मीटर, खिडकीबाहेर चेस्टनटचं झाड, ट्रामचा स्टॉप दोन मिनिटांवर. खोट एकच होती: घरमालकीण माझ्या नावावर तो पत्ता नोंदवू द्यायला तयार नव्हती. "राहायला मिळतंय ना, मग कागद कशाला?" असं ती म्हणाली. पुण्यात चार वर्षं कॉट बेसिसवर काढलेल्या मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. दोन आठवड्यांत उजेड पडला. तो कागद नसेल तर जर्मनीत तुमच्या डोक्यावर छप्पर असतं, पण सरकारदरबारी तुम्ही कुठेच राहत नसता. तिसऱ्या आठवड्यात बॅगा उचलल्या आणि पुन्हा शोध सुरू केला, तोही ऑक्टोबरात, जेव्हा अख्खं शहर खोली शोधत असतं.

हा लेख एक किंवा दोन सेमिस्टरसाठी एक्सचेंजवर जर्मनीला निघालेल्यांसाठी आहे. पूर्ण मास्टर्सला जाणाऱ्यांना दोन-अडीच वर्षं मिळतात, सुरुवातीला एखादी चुकीची खोली त्यांना परवडते. आपल्याकडे असतात जेमतेम पाच-सहा महिने. त्यातला एक खोली शोधण्यात गेला तर एक्सचेंजचा पाचवा-सहावा हिस्सा गेला.

आनमेल्डुंग: पहिला प्रश्न हाच

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवायचा, असा जर्मन कायदा आहे. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. म्युनिकमध्ये ती ब्युर्गरब्युरोत होते, बर्लिनमध्ये ब्युर्गरआम्टमध्ये. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग एवढं लागतं. हा शब्द म्हणायला मला महिना लागला. कागद मात्र एकाच पानाचा असतो: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या घरात राहायला आली आहे, खाली घर देणाऱ्याची सही. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो, आणि तो देणं घर देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे.

नोंदणी झाली की तिचं प्रमाणपत्र मिळतं. व्हिसाची मुदत वाढवून निवास परवाना घ्यायचा असेल तर ते लागतं, अनेक बँका ते मागतात. शिवाय नोंदणीनंतर काही आठवड्यांत तुमचा करक्रमांक पोस्टाने घरी येतो. विद्यापीठात किंवा कॅफेत चार तास काम करायचं म्हटलं तरी तो हवा.

म्हणून जाहिरात आवडली की भाडं विचारायच्या आधी विचारा: "इस्ट आनमेल्डुंग म्योग्लिश?" नोंदणी होईल ना? उत्तर नाही असेल, किंवा "बघू नंतर" असेल, तर पुढे सरका. "शंभर युरोत दुसऱ्या पत्त्याचा कागद करून देतो" म्हणणारेही भेटतात. जिथे राहत नाही तिथला पत्ता नोंदवणं बेकायदा आहे, आणि असा खोटा पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्या वाटेला जाऊ नका.

नोंदणीची अपॉइंटमेंट भारतातूनच ऑनलाइन घ्यायचा प्रयत्न करा. सेमिस्टरच्या तोंडावर तारखा भराभर संपतात. दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली तर ती मिळाल्याची मेल जपून ठेवा, म्हणजे टाळाटाळ केली नाही हे दाखवता येतं.

एक्सचेंजवाल्याचा हक्काचा दरवाजा

बहुतेक जर्मन शहरांत विद्यार्थ्यांची वसतिगृहं श्टुडीरेंडनवेर्क नावाची संस्था चालवते. ही विद्यापीठापासून वेगळी असते, मेसही तीच चालवते. म्युनिकसारख्या शहरात तिच्या प्रतीक्षायादीत सेमिस्टरच्या सेमिस्टर निघून जातात, त्यामुळे सहा महिन्यांसाठी येणाऱ्याने साध्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. पण कित्येक विद्यापीठांच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे एक्सचेंजच्या मुलांसाठी काही खोल्या राखीव असतात. त्या मागायची जागा बहुधा एक्सचेंजच्या ऑनलाइन अर्जातच, कुठल्यातरी चौथ्या पानावर, एका चौकटीच्या रूपात असते. ती टिक करायची राहिली की राखीव खोली गेली. आपल्याकडची मुलं "आधी अ‍ॅडमिशनचं पत्र येऊ दे, मग घराचं बघू" या हिशेबाने ती चौकट सोडून देतात. तसं करू नका. अर्जाच्या दिवशीच टिक करा आणि आठवडाभराने तिथल्या ऑफिसला दोन ओळींची मेल टाका.

खोली मिळाली तर नाक मुरडू नका. म्युनिकमध्ये १९७२ च्या ऑलिंपिकच्या वेळी महिला खेळाडू जिथे राहिल्या, तिथे आज विद्यार्थी राहतात. जुने बंगले पाडून हजारभर चिमुकली दुमजली घरं पुन्हा बांधली आहेत, आणि राहणाऱ्याला आपल्या घराची दर्शनी भिंत हवी तशी रंगवता येते. उत्तरेला फ्रायमानमध्ये श्टुडेंटनश्टाट ही विद्यार्थ्यांची मोठी वसाहत आहे. तिथे २०२१ च्या आगीनंतर काही उंच इमारती रिकाम्या कराव्या लागल्या, शेकडो खोल्या कमी झाल्या. शहरातल्या टंचाईत तेवढी भर पडली.

चर्चशी संबंधित वसतिगृहांकडे आपण उगीच पाठ फिरवतो. कॅथलिक आणि इव्हँजेलिकल अशी दोन्ही प्रकारची असतात, त्यातली अनेक कुठल्याही धर्माच्या विद्यार्थ्याला घेतात. तिथे वेगळा अर्ज करावा लागतो आणि एक छोटं पत्र लिहावं लागतं, म्हणून गर्दी कमी.

त्स्विशनमीटे, म्हणजे दुसऱ्याची रिकामी झालेली खोली

मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. तुम्ही जर्मनीत येता त्याच सेमिस्टरला हजारो जर्मन विद्यार्थी स्वतः एक्सचेंजवर बाहेर पडतात: माद्रिदला, सोलला, क्वचित पुण्यालाही. परत आल्यावर खोली शोधत फिरायला नको म्हणून ते आपली खोली सोडत नाहीत, तेवढ्या महिन्यांपुरती दुसऱ्याला देतात. याला त्स्विशनमीटे म्हणतात. पलंग, टेबल, कपाट, दिवा, कधी सायकलसुद्धा आयती मिळते. मुदत ठरलेली असते, त्यामुळे घर सोडताना तीन महिन्यांची नोटीस द्यायची भानगड नाही. कायमचा भाडेकरू शोधणाऱ्या घराला सहा महिन्यांचा पाहुणा नको असतो. इथे नेमका तोच हवा असतो.

तारखा मात्र तपासून घ्या. जर्मनीत हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. प्रत्यक्ष लेक्चर ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. स्पेनला गेलेली मुलगी सप्टेंबरच्या सुरुवातीला खोली सोडते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला परत येते. तुमची परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी असली तर तीन आठवडे तुम्ही रस्त्यावर. हे पहिल्याच बोलण्यात काढा. कधी ती म्हणते, मी मार्चमध्येच येणार आहे, कधी शेजारच्या खोलीतलं कुणी सुट्टीत घरी जाणार असतं. विचारलं की वाट निघते.

खोली देणारा स्वतः भाडेकरू असेल तर त्याला मूळ घरमालकाची परवानगी लागते. ती लेखी आहे ना, हे पाहून घ्या. नोंदणीसाठीचा कागद कोण सही करून देणार, हेही त्याच दमात विचारा.

तुमच्या कॉलेजचा ज्या विद्यापीठाशी करार आहे, तिथून त्याच वर्षी कुणी तुमच्या कॉलेजात येत असेल तर आपल्या इंटरनॅशनल सेलमध्ये चौकशी करा. त्या मुलाला कोथरूडमध्ये खोली हवी असते, तुम्हाला त्याची खोली हवी असते. त्याच्यासाठी इथे दोन घरं बघून द्या, फोटो पाठवा. मग त्याची खोली मिळाली नाही, तरी तो आपल्या मित्रांत तुमच्यासाठी शब्द टाकतो.

जाहिरात वाचताना

चार-पाच अनोळखी मुलांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटला डब्ल्यूजी म्हणतात, उच्चार 'वेगे'. सगळ्यात जास्त जाहिराती वेगे-गेझूख्ट या साइटवर असतात.

काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. तुलना नेहमी वार्ममीटेची करा, आणि त्यात वीज आणि इंटरनेट आहे का ते वेगळं विचारा, कारण बऱ्याचदा नसतं. हीटिंग-पाण्याची रक्कम हा बहुधा अंदाज असतो, वर्षाचा हिशेब नंतर होतो आणि फरकाचं बिल तुम्ही भारतात परतल्यावर मेलमध्ये येऊन पडतं. पाउशाल, म्हणजे ठोक रक्कम ठरली असेल तर हा घोळ राहत नाही. सहा महिन्यांसाठी पाउशालच बरं.

म्योब्लिअर्ट म्हणजे फर्निचरसह. तसं लिहिलेलं नसेल तर खोली खरोखर रिकामी असते. अख्खा फ्लॅट घेत असाल तर स्वयंपाकघरात सिंकसुद्धा नसू शकतं आणि दिव्याच्या जागी छताला वायर लोंबत असते. 'दोन खोल्यांचं घर' म्हणजे टू बीएचके नव्हे. हॉलही खोली म्हणून मोजतात, म्हणजे ते आपलं वन बीएचके. आब्ल्योझे असा शब्द दिसला तर आधीच्या माणसाचं सामान विकत घ्यावं लागेल. सहा महिन्यांसाठी कुणाचं कपाट विकत घेऊ नका. त्स्वेक-वेगे म्हणजे फक्त भाडं वाटून घेणारं घर, तिथे कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. काहींना तेच आवडतं.

भाड्याचा अंदाज: म्युनिकमध्ये वेगेतली खोली साधारण ७०० ते ९०० युरो, वसतिगृहात त्याच्या निम्म्याच्या आसपास. लाइपझिगसारख्या शहरात बरंच कमी. म्युनिकमध्ये शहरातच राहायचा हट्ट नको. टेक्निकल युनिव्हर्सिटीचे बरेच विभाग गार्शिंगला आहेत, थेट यू-६ मेट्रोच्या उत्तर टोकाला. तिथल्या मुलाने शहराच्या दक्षिणेला महागडी खोली घेऊन रोज तासभर उलटा प्रवास करण्यात काय हशील?

मेसेज लिहिताना

एका चांगल्या जाहिरातीला दिवसभरात शंभरावर मेसेज येतात. त्यात आपला "रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम" पासून सुरू होणारा, सीजीपीए सांगणारा मेसेज कुणी दुसऱ्या ओळीपर्यंत वाचत नाही. त्यांना हुशार विद्यार्थी नको असतो, सकाळी बाथरूमबाहेर भेटला तर बरं वाटेल असा माणूस हवा असतो.

जाहिरात शेवटपर्यंत वाचा. पुष्कळ जण मध्येच एक शब्द लपवतात: "वाचलं असेल तर मेसेजची सुरुवात 'अननस' ने करा." तो शब्द नसलेले मेसेज न उघडता जातात. मेसेज जर्मनमध्ये लिहा, मोडकंतोडकं चालेल, आणि खाली सांगा की बोलताना इंग्रजी सोयीचं पडेल. दहा ओळी पुरेत: नाव, कुठून येताय, काय शिकताय, कधीपासून कधीपर्यंत, त्यांच्या जाहिरातीतली कुठली गोष्ट आवडली, आणि स्वतःबद्दल एखादी खरी गोष्ट. "मला स्वयंपाक आवडतो" हे सगळेच लिहितात. मी लिहिलं होतं की रविवारी सकाळी कांदेपोहे करतो आणि ते नेहमी चार जणांचे होतात. त्या मेसेजला उत्तर आलं.

वेगेतल्या मुलांना नावाने आणि 'दू' म्हणून लिहायचं, म्हणजे अरे-तुरे. घरमालकाला मात्र 'झी' आणि आडनाव. इथे गल्लत झाली तर आपण आजोबांना 'अरे' म्हटल्यासारखं होतं.

मग व्हिडिओ कॉल होतो, त्याला गमतीने कास्टिंग म्हणतात. जर्मनीत उन्हाळी वेळ असताना आपण साडेतीन तास पुढे असतो, म्हणजे त्यांचे संध्याकाळचे आठ हे आपले रात्रीचे साडेअकरा. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कॉलच्या मध्यात आई दूध घेऊन येते. (माझ्या बाबतीत त्याचा फायदाच झाला, पण त्यावर विसंबू नका.) सफाईचे वार कसे वाटले आहेत, किराणा एकत्र की वेगळा, हे तुम्हीही विचारा. मांसाहार आणि भांडी यांबद्दल काही अट असेल तर तेव्हाच बोला. पूर्ण शाकाहारी घरं आता शहरांतून सहज सापडतात.

फसवणूक

ती एकाच साच्याची असते. शहराच्या मध्यभागी सुंदर फ्लॅट, भाडं निम्मं, मालक "सध्या इंग्लंडमध्ये" असल्याने दाखवू शकत नाही, डिपॉझिट पाठवलं की चावी कुरियरने येईल. किंवा एखाद्या प्रसिद्ध बुकिंग साइटसारखं दिसणारं पान पाठवतात आणि तिथे पैसे भरायला सांगतात. घर किंवा निदान लाइव्ह व्हिडिओ पाहिल्याशिवाय आणि करारावर सह्या झाल्याशिवाय पैसे नाहीत. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. पासपोर्टची प्रत पहिल्या मेसेजसोबत पाठवू नका. त्या शहरात कुणी ओळखीचं असेल तर त्याला अर्धा तास घर पाहून यायला सांगा. मोठ्या शहरांतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा सगळ्यात चांगला उपयोग हाच.

एजंटचं कमिशन मागितलं तर: २०१५ पासून भाड्याच्या घरासाठी एजंटला जो कामाला लावतो त्यानेच पैसे द्यायचे असा कायदा आहे. मालकाने लावलेल्या एजंटला तुम्ही काही देणं लागत नाही.

पैशांची मेख

व्हिसासाठी बहुतेकांना श्पेरकोंटो, म्हणजे गोठवलेलं खातं उघडावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्याचा हिशेब महिना ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो असा आहे. पण ते पैसे दर महिन्याला ठरल्याप्रमाणेच सुटतात. डिपॉझिट मात्र दोन-तीन भाड्यांएवढं. खोली ५५० युरोची असेल तर पहिल्या आठवड्यातच भाडं आणि डिपॉझिट मिळून १,६५० ते २,२०० युरो लागतात, आणि खात्यातून मिळतात ९९२. ही रक्कम वेगळी सोबत हवी. फोरेक्स कार्डने घरमालकाला पैसे देता येत नाहीत, त्याला बँक ट्रान्सफरच लागते. भारतातून पाठवायचे तर बँकेची कागदपत्रं आणि दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.

डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, तीन काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. फार थोड्यांना हे माहीत असतं. नम्रपणे विचारलं तर बहुतेक मालक मान्य करतात.

म्युनिकवाल्यांसाठी वेगळी सूचना. ऑक्टोबरफेस्ट सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो, म्हणजे नेमका तुम्ही पोचता तेव्हा. हॉस्टेलच्या कॉटचे दर तेव्हा कित्येक पटींनी चढलेले असतात. पहिल्या दहा दिवसांची सोय जुलैतच करा, किंवा जवळच्या ऑग्सबुर्ग शहरात मुक्काम करून ट्रेनने ये-जा करा.

राहायला गेल्यावर

चावी घेतानाच प्रत्येक भिंतीचे, पलंगाचे, बाथरूमचे फोटो काढा आणि ताब्याचा कागद, युबरगाबेप्रोटोकोल, भरून दोघांच्या सह्या घ्या. आधीपासूनचा ओरखडा लिहून ठेवला नाही तर तो तुमचा.

त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटवा. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन फक्त पेटीवरचं नाव बघतो, नाव नसलं की पत्र परत. माझं बँकेचं कार्ड असंच दोनदा परत गेलं.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ते लागतं, पण एका घरामागे एकदाच. वेगेत आधीच कुणी भरत असेल तर त्याच्या शुल्क-खात्याचा क्रमांक कळवून मोकळे व्हा.

चावी हरवू नका. बऱ्याच इमारतींत सगळी कुलुपं एकमेकांशी जुळवलेली असतात, एक चावी हरवली म्हणून सगळी कुलुपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. हाफ्टप्फ्लिश्ट नावाचा विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, महिन्याला काही युरोंत मिळतो. भाड्याच्या घराची चावी त्यात धरली आहे का पाहूनच घ्या.

खोलीत कपडे वाळत घालून खिडक्या बंद ठेवल्या की हिवाळ्यात कोपऱ्यात काळी बुरशी येते, आणि ती डिपॉझिटमधून कापली जाते. दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडकी सताड उघडायची, बाहेर शून्याखाली असलं तरी. फोडणी देताना मात्र खिडकी आधीच उघडा आणि दार लावून घ्या. बऱ्याच वसतिगृहांत धुराचा अलार्म थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो. लाल मिरचीच्या ठसक्याने गाडी आली तर तिचं बिल तुमच्या नावावर लागू शकतं. कुकरची शिट्टी रात्री दहानंतर आणि रविवारी जपूनच.

निघताना

देश सोडायच्या आधी नोंदणी रद्द करावी लागते, तिला आबमेल्डुंग म्हणतात. घर सोडण्याच्या फार तर आठवडाभर आधी ती करता येते. तिच्या प्रतीवरच रेडिओ-टीव्ही शुल्क बंद होतं, विमा आणि मोबाइलचे करार मोडायलाही ती कामाला येते. डिपॉझिट परत यायला तीन ते सहा महिने लागू शकतात, तेव्हा जर्मन बँकखातं लगेच बंद करू नका. बंद करावंच लागलं तर भारतातल्या खात्याचा स्विफ्ट कोड मालकाला लेखी देऊन ठेवा, आणि ट्रान्सफरचा खर्च कोण सोसणार तेही. शेवटच्या दिवशी पुन्हा ताब्याचा कागद, पुन्हा फोटो, आणि चाव्या परत दिल्याची सही. माझ्या मालकाने एप्रिलमध्ये चाव्या घेतल्या आणि सप्टेंबरमध्ये खिडकीच्या डागापोटी ऐंशी युरो कापून बाकीचे पाठवायला काढले. ताब्याच्या दिवशीचा फोटो पाठवला, त्यात तो डाग होता. आठवडाभरात ऐंशीही आले.